वेताळाचे दप्तर

नागपूरच्या माणसाला इतिहास विचारला की तो रघूजी भोसल्यांपासून सुरुवात करतो आणि संत्र्यांवर येऊन थांबतो. मध्ये काय झालं हे विचारायचं नसतं. विचारलंतच, तर तो तुम्हाला सावजीकडे जेवायला नेतो, आणि त्यानंतर तुम्ही काही विचारण्याच्या अवस्थेत राहत नाही. मी आज ज्या इतिहासाला हात घालतो आहे त्यात भोसले नाहीत. संत्रीही नाहीत. नाही म्हणायला संत्र्यांची एक लाकडी पेटी आहे, पण तिच्यातली संत्री आमच्या घरी येण्याआधीच कुणीतरी खाल्लेली होती. त्या रिकाम्या पेटीत मी १९६४ पासून १९७० पर्यंत कॉमिक्स ठेवीत असे. तेव्हा हा इतिहास कॉमिक्सचा आहे. ज्यांना विषय क्षुद्र वाटत असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. मात्र बोट ओलं करू नये. का, ते पुढे येईलच.

इतिहास म्हटला की साधनं हवीत. इतिहासाचार्य राजवाडे साधनांसाठी गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवत बसले. माझ्या बाबतीत माळा आमचाच होता आणि हिंडणं काय ते शिडीपुरतं. दिवाळीची साफसफाई चालली होती. मी माळ्यावर, सौ. खाली. मी एकेक वस्तू खाली द्यायची आणि खालून प्रश्न यायचा, "हे टाकू?" परकीय स्वाऱ्यांनी आपल्या ग्रंथभांडारांची जेवढी नासधूस केली नसेल, तेवढी "हे टाकू?" ह्या दोन शब्दांनी केली आहे. अशाच एका "हे टाकू?"च्या तावडीतून मी एक वही ओढून घेतली. पुठ्ठ्यावर आईच्या अक्षरात लिहिलं होतं : 'दुधाचा हिशेब'. आत खरोखरच दूध होतं. सकाळी एक शेर, संध्याकाळी अर्धा शेर, गुरुवारी आलं नाही, शुक्रवारी पाणी. सरकारने लिटर आणून बरीच वर्षं झाली होती, पण आईच्या वहीत अजून शेरच चालू होता. कुतूहल म्हणून वही उलटी धरली, आणि मागच्या बाजूने दुसरंच जग सुरू झालं. वर 'श्री गजानन प्रसन्न', त्याखाली माझं स्वतःचं, बारा वर्षांचं, वळणदार होण्याची शक्यता तेव्हाच संपलेलं अक्षर :

'१. भाडे ५ पैसे. २. बोट ओले करून पान उलटू नये. ३. आंबा खाऊन झाल्यावर हात धुवावे. ४. वेताळाला मिशा काढू नयेत. काढल्यास १० पैसे.'

ही १९६७ सालच्या उन्हाळ्यात महालातल्या आमच्या वाड्याच्या जिन्याखाली मी काढलेल्या वाचनालयाची नोंदवही. आई काटकसरी. माझी पंचवीस पानं भरलेली आणि बाकीची कोरी, एवढ्याच कारणासाठी तिने ती वाचवली आणि दुसऱ्या टोकाने दूध लिहायला घेतलं. पेशवे दप्तराचं नशीब इतकं चांगलं नसावं.

आता जरा मोठा इतिहास, म्हणजे धाकटा नीट कळेल.

ली फॉक नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने १९३४ साली मँड्रेक नावाचा जादूगार आणि १९३६ साली फँटम नावाचा एक बुरखेधारी वीर निर्माण केला. फँटम जंगलात, कवटीच्या आकाराच्या गुहेत राहायचा. ठोसा मारला की दुष्टाच्या गालावर कवटीचा ठसा उमटायचा. हे काम त्याच्याकडे पिढीजात होतं. आपला नायक एकविसावा. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवायचा, त्यामुळे लोकांना वाटायचं की हा मरतच नाही. आमच्या शेजारच्या दुकानातही तीन पिढ्या एकच टोपी घालून गल्ल्यावर बसलेल्या आम्ही पाहिल्या होत्या, म्हणून ह्या भागाचं आम्हाला नवल वाटलं नाही.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने 'इंद्रजाल कॉमिक्स' काढलं. किंमत ६० पैसे. पहिले ३२ अंक नुसत्या फँटमचे. फँटमचा देश मुळात बंगालशी सलगी सांगणारा, तेव्हा इथल्या वाचकांना चमत्कारिक वाटू नये म्हणून त्याचं 'डेंकाली' झालं. समुद्रावरच्या चाच्यांची टोळी मुळात 'सिंग' आडनावाची, तिचं 'सिंगा' करून एका अख्ख्या समाजाचा रोष टाळला गेला. आणि मराठीत खुद्द फँटमचा 'वेताळ' झाला. ज्या कुणा भाषांतरकाराला हे नाव सुचलं, त्याला एक श्रीफळ आणि शाल माझ्याकडे लागू आहे.

कारण ह्या एका नावाने आमच्या घरात जो गोंधळ उडवला तो साध्या नावाने उडाला नसता. घरात तोवर दोन वेताळ होतेच. पहिला आजीचा. तो अमावास्येच्या रात्री भुताखेतांची स्वारी घेऊन निघायचा आणि त्याचं नाव तिन्हीसांजेला घ्यायचं नसे. दुसरा 'चांदोबा'तला. तो झाडाला लोंबकळायचा, विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगायचा, शेवटी कोडं घालायचा आणि विक्रमाने तोंड उघडलं की पुन्हा झाडावर. शंकर नावाच्या चित्रकाराने काढलेलं ते खांद्यावरचं प्रेत आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोरून जायचं नाही. आता हा तिसरा आला, कमरेला दोन पिस्तुलं लावून. मी एकदा तिन्हीसांजेला ओरडलो, "वेताळ आला!" आजी देवासमोरून उठून धावत आली. अंक हातात घेतला, चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हा कसला मेला वेताळ! ह्याला चड्डी आत घालायची की बाहेर, तेसुद्धा ठाऊक नाही." जगातल्या समस्त बुरखेधारी वीरांवरची समीक्षा मी पुढे पुष्कळ वाचली. आजीच्या पुढे कुणी गेलेलं नाही.

साठ पैसे ही रक्कम आज हास्यास्पद वाटेल. मला आठवड्याला दहा पैसे मिळत. म्हणजे एका अंकासाठी दीड महिना उपास. मग पेटी भरली कशी? तर त्यासाठी नागपूरचा नकाशा पाहावा लागेल. मुंबईहून हावड्याला जाणारी आणि दिल्लीहून मद्रासला जाणारी, अशा देशातल्या दोन मोठ्या लोहमार्गांची फुली नागपुरात पडते. लोक ह्या गोष्टीचा अभिमान बाळगतात आणि झिरो माईलचा दगड पाहुण्यांना दाखवतात. पाहुणे दगड पाहून "असं होय?" म्हणतात. मला मात्र ह्या फुलीचा रोकडा फायदा झाला, कारण माझा मामा रेल्वेत गार्ड होता. प्रवासी गाडीतून उतरताना छत्र्या विसरतात, डबे विसरतात, क्वचित मुलंही विसरतात. पण सगळ्यांत जास्त विसरतात ती वाचून झालेली पुस्तकं. मुंबईच्या गाडीतून मराठी आणि गुजराती इंद्रजाल यायचं, दिल्लीच्या गाडीतून हिंदी, मद्रासच्या गाडीतून 'चांदोबा'ची न वाचता येणारी भावंडं. चित्रं तीच आणि अक्षरं जिलब्यांसारखी. आम्ही तीही भाड्याने देत असू, अडीच पैशांत.

म्हणूनच नागपूरच्या पोराला कॉमिक्स वाचायला एक भाषा कधी पुरली नाही. हे शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा जोडप्रांताची राजधानी होतं. ते राज्य गेलं, पण पोरांच्या तोंडून गेलं नाही. नोंदवहीतल्या गिऱ्हाइकांचे आवाज मला अजून ऐकू येतात : "काऊन बे, नवीन वेताळ आला का?" "आला, पण बंड्या वाचून राहिला." "मग हिंदीवाला दे ना बे, तबतक." पुण्याच्या पाहुण्याने हे ऐकून कानांवर हात ठेवले असते. आम्ही त्या हातांत अंक ठेवून पाच पैसे घेतले असते.

साधन म्हणून ही वही फार तापदायक आहे. नावं लिहायचा कंटाळा म्हणून मी फक्त आकडे टाकलेले. 'बंड्या, ७, परत.' 'कुमुद, १२, १३, १४, एकाच दिवशी.' कुमुदला पुढे कुठलं पुस्तक पुरलं असेल कोण जाणे. आणि एक नोंद अशी आहे की तिच्यावर एखाद्याने प्रबंध लिहावा. वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. १९६८ च्या गणपतीत त्यांनी वाड्यात 'चित्रपुस्तके आणि बालमनाचा ऱ्हास' ह्या विषयावर सव्वा तास भाषण केलं. बालमनं पुढच्या रांगेत झोपली होती. ह्या हेडमास्तरांच्या नावावर नोंदवहीत ४१ अंक आहेत. प्रत्येक नोंदीपुढे त्यांच्याच आग्रहावरून लिहिलेला शेरा आहे, 'नातवासाठी'. नातू जबलपूरला होता आणि पहिल्या नोंदीच्या वेळी त्याचं वय आठ महिने होतं.

हे वैभव १९७० च्या मे महिन्यात लयाला गेलं. कारण बीजगणित. मला शंभरपैकी सतरा मिळाले. बाबा काही बोलले नाहीत. बाबा बोलले नाहीत की आमच्या घरात भांडीसुद्धा आवाज करीत नसत. दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा पेटी रिकामी होती आणि रद्दीवाला वाड्याच्या दिंडी दरवाजातून बाहेर पडत होता. साडेतीन किलो भरले. पावणेदोन रुपये आले. त्या पैशांतून बाबांनी मला लॉग टेबलचं पुस्तक आणून दिलं. ते मी उघडून पाहिलं. त्यात चित्रं नव्हती. मी रडलो नाही, एवढं सांगितलं तर खोटं ठरेल. रद्दीवाल्याच्या मागे मी बडकस चौकापर्यंत गेलो होतो आणि त्याच्या सायकलच्या मागच्या पोत्यातून वेताळाचा एक जांभळा पाय बाहेर आलेला मला दिसत होता. त्याला थांबवायचं धाडस झालं नाही. एकविसाव्या वेताळाला झालं असतं.

पुढे कळलं की माझं दुःख जागतिक आहे. सुपरमॅन ज्यात पहिल्यांदा आला तो १९३८ सालचा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक अमेरिकेत दहा सेंटला मिळत होता. त्याची एक प्रत २०२४ साली लिलावात साठ लाख डॉलरला गेली. इतकी महाग का? कारण शिल्लक फार थोड्या राहिल्या. आणि थोड्या का राहिल्या? महायुद्धाच्या काळात तिकडच्या पोरांनी देशासाठी म्हणून घरोघरची रद्दी गोळा केली आणि जे उरलं ते आयांनी टाकलं. म्हणजे आयांनी टाकली नसती तर ती महाग झाली नसती. जगातल्या कॉमिक्सची किंमत आई-बापांनी वाढवून ठेवली आहे. माझ्या बाबांचाही त्यात साडेतीन किलोंचा वाटा आहे.

त्याच १९६७ साली, म्हणजे माझ्या वाचनालयाशी स्पर्धा म्हणूनच की काय, मुंबईत 'अमर चित्र कथा' सुरू झाली. अनंत पै हे मूळचे इंद्रजालच्याच घरातले. दिल्लीत दूरदर्शनवर प्रश्नमंजूषा चालली होती. मुलांना ग्रीक देवांची नावं सांगता आली आणि रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. हे पाहून पै अस्वस्थ झाले, अशी ती प्रसिद्ध हकीकत आहे. आमच्या घरात ह्या पुस्तकांना सोवळ्यात प्रवेश होता. त्यात राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी आपली मराठी माणसं चित्रं काढीत. पुढे १९८० साली निघालेल्या 'टिंकल'मधल्या शिकारी शंभूची टोपी डोळ्यांवर ओढली ती वसंत हळब्यांनी. ह्याच मुळीकांनी नंतर हिंदीतल्या नागराजलाही हात दिला. हात मराठी, बोली इंग्रजी किंवा हिंदी. हे त्या वेळी लक्षात आलं नाही, आज येतं.

पैंची एक युक्ती मात्र मानली पाहिजे. इंद्रजालचा अंक वर्तमानपत्रासारखा होता. पंधरवडा गेला की शिळा. आठशेच्या वर अंक काढून १९९० साली ते बंद पडलं आणि तेव्हा आमच्या आळीत त्याला खांदा द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. 'अमर चित्र कथा' शिळी होतच नसे. कृष्ण काही पंधरवड्यात जुना होत नाही. त्यामुळे तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा छापत गेले, बांधून संग्रह काढले. त्यांचं महाभारत ४२ अंकांचं. आता तीन जाड खंडांत मिळतं.

हा संग्रहाचा मुद्दा माझ्या डोक्यात शिरला तो नातवामुळे. नातू बंगळुरूला असतो, वय तेरा, आणि सुट्टीत येतो तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि जपानी चित्रकथा जास्त असतात. ह्यांना मांगा म्हणतात. पहिल्या दिवशी मी एक खंड कौतुकाने उघडला तर सुरुवातीलाच सगळे मेलेले. नातू म्हणाला, "आबा, तू शेवटापासून वाचतो आहेस. हे उजवीकडून डावीकडे." मी त्याला माळ्यावरची वही दाखवली. एका टोकाने वाचनालय, दुसऱ्या टोकाने दूध. तो खूष झाला. "म्हणजे आजीआईने पण मांगाच केला होता!" त्या दिवसापासून ह्या घरात मला थोडी किंमत आली.

जपानची रीत मला फार आवडली. तिथे ह्या कथा आधी साप्ताहिकातून येतात. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीएवढं जाड, हलक्या कागदाचं, एकरंगी साप्ताहिक. लोक ते आगगाडीत वाचतात आणि टाकून देतात. माझ्या मामाचं तिथे सोनं झालं असतं. पण त्यातली कथा चांगली चालली की तिचे वेगळे, नेटके खंड निघतात आणि ते लोक जपून ठेवतात. म्हणजे रद्दी रद्दीला आणि ठेवा ठेव्याला. आपण मराठी वेताळाच्या बाबतीत दोन्ही रद्दीलाच दिलं.

आता सुट्टीभर वाचून झालेली माझी मतं सांगतो. नातवाला ती मान्य नाहीत, हे आधीच नमूद करतो.

'डीमन स्लेयर' मला आवडलं. त्यातल्या पोराची बहीण राक्षसीण होते आणि तो तिला लाकडी पेटीत घालून पाठीवर वाहत गावोगाव फिरतो. मी पहिल्याच खंडात ओळखलं, हा तर आमचा विक्रम! फरक इतकाच की विक्रमाच्या पाठीवरचं भूत अखंड बडबड करायचं आणि हिच्या तोंडात बांबूचं नळकांडं आहे. बिचाऱ्या विक्रमाला हे सुचलं असतं तर पंचवीस गोष्टी वाचल्या असत्या. शिवाय हे २३ खंडांत संपतं. थांबावं कुठे हे कळणं, हा कलेतला आणि पाहुण्यांतला सर्वांत मोठा गुण होय.

'वन पीस'मध्ये तो नाही. एइचिरो ओदा हे गृहस्थ १९९७ पासून ही समुद्री चाच्यांची कथा लिहिताहेत, शंभरावर खंड झाले, पन्नास कोटींवर प्रती गेल्या आणि खजिना अजून सापडायचाच आहे. मी नातवाला म्हटलं, "मला सत्तर वर्षं झाली. खजिना सापडेपर्यंत मी टिकणार का?" तो गंभीरपणे म्हणाला, "आबा, तू रोज फिरायला जा." 'ड्रॅगन बॉल' ४२ खंडांचं. महाभारतही ४२ अंकांचं. बेचाळीस हा आकडा नागपूरकराला मे महिन्यात रोज भेटतो, आणि भेटला तर बरं वाटतं, कारण एरवी पंचेचाळीस भेटतो.

अमेरिकन वीरांपैकी फ्रँक मिलरचा १९८६ सालचा 'द डार्क नाइट रिटर्न्स' एकगठ्ठा वाचला. त्यात बॅटमॅन पंचावन्न वर्षांचा आहे, दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, आणि घरात बसवेना म्हणून पुन्हा कामावर येतो. आमच्या फिरायच्या मंडळींत असे चार आहेत. कचेरीतले लोक त्यांना पाहून लपतात. चिरंजीवांनी परदेशातून जुन्या फँटमचाही जाड संग्रह आणून दिला. आनंदाने उघडला आणि चाळीस पानांत मन खट्टू झालं. एक गोरा माणूस पिढ्यान्‌पिढ्या जंगलाचा धनी आणि काळी माणसं त्याला मुजरा करताहेत, हे बारा वर्षांच्या डोळ्यांना दिसलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी एक ठोसा बसला की तो ठोसा वाटतो. सलग तीस ठोसे वाचले की धोब्याच्या घाटावर गेल्यासारखं वाटतं. संग्रहात सगळं असतं, फक्त मधली वाट पाहणं नसतं. आणि आमचं निम्मं कॉमिक त्या वाट पाहण्यातच होतं. एकच गोष्ट अजून भावली. १९३६ पासून प्रेम करून त्याने लग्न केलं १९७७ साली. एवढा विचार आमच्या वेळी कुणी करू देत नसे.

पण सगळ्यांत खोल गेला तो ओसामू तेझुकांचा 'बुद्ध'. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं खपून ह्या जपानी माणसाने मूळ चौदा खंडांत ती कथा केली. ती सिद्धार्थापासून सुरू होत नाही. सुरू होते एका गुलाम पोरापासून आणि एका अस्पृश्य पोरापासून. राजपुत्राचा जन्म व्हायला वाचकाला बरीच वाट पाहावी लागते. दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीवर जाऊन आल्याशिवाय हे पुस्तक पुरतं कळणार नाही, असं मला वाटलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे लाखो माणसांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हापासून दर वर्षी माणसं येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं नेतात. मी नातवाला घेऊन गेलो. हातगाड्या, मांडव, जमिनीवर अंथरलेल्या चादरी, जिकडे तिकडे पुस्तकं. एक बाई डोक्यावर वळकटी घेऊन उभी, आणि तिची सात-आठ वर्षांची पोरगी सचित्र चरित्रातलं एकेक अक्षर बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. मराठीत. आई ऐकत होती. आईला वाचता येत नसावं.

नातू बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "आबा, ती माझ्यापेक्षा फास्ट वाचते."

तेव्हा मला माझ्या साडेतीन किलोंचा खरा हिशेब लागला. मी इतकी वर्षं चित्रांसाठी हळहळत होतो. चित्रं सगळी आहेत. इंग्रजीत बांधून मिळतात, पैसे टाकले की घरपोच येतात. गेलं ते त्या फुग्यांमधलं मराठी. वेताळ आमचा झाला तो पिस्तुलांमुळे नव्हे. त्याला मराठी येत होतं म्हणून तो आमच्या आजीच्या रागाला पात्र झाला. परक्याला कुणी 'मेला' म्हणत नाही. अमेरिकनांनी २००४ साली पवित्र प्रभाकर नावाचा एक मुंबईकर स्पायडरमॅन काढला, त्याला धोतर नेसवलं, पण बोलायला इंग्रजीच दिलं. पुढे २०२३ च्या सिनेमात तो आला तेव्हा त्याचं मराठीही झालं. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं. कुणीतरी करायला बसावं लागतं, त्या श्रीफळवाल्या भाषांतरकारासारखं.

म्हणून सुट्टीचे उरलेले दिवस आम्ही दोघं बसलो. तो इंग्रजी वाचायचा, मी मराठी करायचं. पहिल्याच दिवशी गाडी 'नाकामा' ह्या जपानी शब्दावर अडली. जहाजावरची जिवाभावाची माणसं, असा त्याचा अर्थ. इंग्रजी करणाऱ्या हौशी मंडळींनीही हात टेकले आणि तो तसाच ठेवला, असं नातवाने सांगितलं. मी म्हटलं, "मित्रमंडळ." तो म्हणाला, "ते वर्गणी मागायला येतात." "साथीदार?" "ते पेपरमध्ये असतात. चोराचे. फरार." "गडी?" सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "गडी म्हटलं तर भांडी घासायला लावीन." शेवटी बालपणीचा एक शब्द कुठूनसा वर आला. मी म्हटलं, "सवंगडी." त्याने तो दोनदा म्हणून पाहिला. जिभेवर घोळवला. मग त्या वहीच्या मधल्या कोऱ्या पानांवर, वाचनालय आणि दूध ह्यांच्या बरोबर मध्ये, लिहून ठेवला. 'सवगंडी' असा लिहिला. मी अनुस्वार एक घर मागे सरकवून दिला.

परवा तो परत गेला. जाताना चार खंड माझ्यासाठी ठेवून गेला. बॅगेत जागा नव्हती म्हणून, असं म्हणाला. रात्री मी सहज वही उघडली, तर 'सवंगडी'च्या खाली त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात नवी नोंद होती :

'वन पीस, १ ते ४. आबा. भाडे २० पैसे. बाकी.'